बातमीदाराच्या हाती पावतीपुस्तक देऊ नकोस

चि. सोनूस,


पुण्यातली नोकरी सोडून तू बीड जिल्ह्यात, आपल्या तालुक्याला परत येणार आणि दोघी मैत्रिणींना बरोबर घेऊन फक्त तालुक्याच्या बातम्यांचं काम सुरू करणार, हे वाचून मला फार आनंद झाला. नाव काय असेल, मोबाइलवर ते कसं दिसेल, आठवड्यातून किती वेळा येईल, सगळं तू सविस्तर लिहिलंस. शेवटी एकच ओळ होती: 'पैशांचं हळूहळू बघू.' त्या ओळीमुळे हे पत्र लिहितेय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ते तुझ्याइतकंच तुझ्या होणाऱ्या वाचकांनी वाचायला हवं. त्यात तुझे बाबा, म्हणजे माझा दादाही आला.

पैशांचं आधी बघ. मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर उभी हयात काढली. चांगल्या बातम्या का छापून येत नाहीत याची कारणं मी जवळून पाहिली आहेत. हुशार मुलं कमी पडली म्हणून बातम्या राहिल्या, असं फार थोड्या वेळा झालं. त्या मुलांचा पगार कुणाच्या खिशातून येतो, यावर बरंच काही ठरायचं.

२०१६ मध्ये जिओ आलं आणि बघता बघता बांधावरच्या माणसाच्या हातात दिवसभराची माहिती आली. धरणाचा पाणीसाठा, सोयाबीनचा भाव, मंत्र्यांचं भाषण, पोलिसांची प्रेसनोट, सगळं गावच्या ग्रुपवर पेपरच्या आधी येतं. ते फुकट आहे आणि फुकटच राहू दे. त्यासाठी तुला कुणी दमडी देणार नाही, आणि देऊही नये. प्रेसनोट पुन्हा टाइप करण्यात तुझी सकाळ गेली, तर तू तालुक्यातल्या शंभराव्या ग्रुपची ॲडमिन होशील.

महाग काय पडतं, ते माहिती अधिकाराच्या अर्जावरून समजून घे. अर्जाला दहा रुपये, कागदाच्या प्रतीला पानामागे दोन रुपये. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. येतं ते असं: माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयीन वेळेत येऊन पाहावी. मग वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून पहिलं अपील. मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरं, आणि त्याची तारीख येईपर्यंत कधी वर्षच्या वर्ष जातं. कागद हाती आले, की मोजमाप पुस्तिकेत लिहिलेला रस्ता जागेवर आहे का हे बघायला वस्तीवर जायचं. ग्रामसेवक, ठेकेदार, शाखा अभियंता, प्रत्येकाचं म्हणणं घ्यायचं. वकिलाच्या नजरेखालून घालायचं. छापून आल्यावर नोटीस आली, तर तिला उत्तर द्यायचं. कागदांचा खर्च शे-दीडशे रुपये. पण या सगळ्या काळात बातमीदाराच्या घरचं भाडं आणि किराणा कोण भरतं? चांगल्या बातमीच्या पैशांचा प्रश्न म्हणजे एवढाच प्रश्न आहे.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण तुला पाठ असेल. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जाताहेत, हे गावोगाव कुजबुजलं जात होतं, चळवळीतल्या बायका बोलत होत्या. एप्रिल २०१९ मध्ये 'बिझनेसलाइन'मध्ये राधेश्याम जाधव यांचा वृत्तांत आला आणि देशभर खळबळ उडाली. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्याच्या मुख्य सचिवांना नोटीस काढली, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. आता विचार कर. हा वृत्तांत इंग्रजी अर्थविषयक दैनिकात आला. आपल्या एखाद्या तालुक्याच्या पेपरने तो वर्षानुवर्षं मागे लागून लावून धरायचा ठरवला असता, तर त्याला जमलं असतं का? तालुक्याच्या पेपरला जाहिरात कोण देतं, ते डोळ्यांसमोर आण: खासगी दवाखाने, साखर कारखाने, पतसंस्था, शिकवण्या, आणि वाढदिवस असलेले पुढारी. कुणी फोन करून बातमी अडवावी लागतच नाही. कुठल्या दारात जायचं नाही, हे बातमीदाराला पहिल्या महिन्यातच कळतं.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका तालुका वार्ताहराने काटामारीची, म्हणजे कारखान्याच्या काट्यावर ऊस वजनात कमी दाखवण्याची, बातमी आणली होती. ऊस भरलेल्या ट्रॉल्या त्याने शेतकऱ्यांना सांगून आधी खासगी भुईकाट्यावर मोजून घेतल्या, मग त्याच ट्रॉल्यांच्या कारखान्याच्या काट्यावरच्या पावत्या मिळवल्या. दोन्ही पावत्या एकमेकींना टाचलेल्या, मागे ट्रॅक्टरचा नंबर आणि वेळ. इतकं नेटकं काम मी क्वचित पाहिलं. आणखी थोड्या पावत्या आणि वैधमापन कार्यालयाची बाजू मिळाली की बातमी पहिल्या पानाची होती. त्याच पंधरवड्यात कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची अभीष्टचिंतन पुरवणी होती. आठ पानं, प्रत्येक पानावर पासपोर्ट फोटोंच्या ओळी, खाली 'शुभेच्छुक'. आणि त्या पुरवणीचं टार्गेट त्याच वार्ताहराकडे होतं. त्याला पगार नव्हता. बातम्यांचं मानधन पेट्रोललाही पुरत नव्हतं. घर चालायचं ते जाहिरातीच्या कमिशनवर. सकाळी तो काट्यावर पावत्या जमवायचा आणि दुपारी त्याच कारखान्याच्या ऑफिसात पुरवणीचं पावतीपुस्तक घेऊन बसायचा. जाहिरात विभागाने सांगितलं, पुरवणी होऊन जाऊ दे. मी भांडले. पुरवणी झाली, मग हंगाम संपला, शेतकऱ्यांनी आपल्या पावत्या परत नेल्या. बातमी मेली. त्या मुलाला मी कधीच दोष दिला नाही. ज्याच्या विरुद्ध लिहायचं त्याच्याकडेच पैसे मागायला पाठवलं, तर तिथे कुणाचाही धीर सुटेल.

हे आमच्याच पेपरात होत होतं असं समजू नकोस. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दाला शब्द तोच मजकूर बातमी म्हणून आला होता. पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ते उघडं केलं. प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्याकडून अशा पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर सविस्तर अहवाल करून घेतला, आणि २०१० मध्ये तो पूर्ण प्रसिद्ध करायचं टाळलं. २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर तो बाहेर आला. पगार न देता बातमीदारांनाच जाहिरातीचे एजंट करणं, हा रोग त्या अहवालात नोंदलेला आहे. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, पण पहिल्या दिवसापासून हा एक नियम पाळ: बातमी लिहिणाऱ्या हातात पावतीपुस्तक जाता कामा नये. तुमच्या तिघींत जी पैशांचं बघेल, तिने बातमी लिहायची नाही. तिघींनी मिळून सगळं करू, हा विचार कितीही मायेचा असला तरी सोडून दे.

मग पैसे कुठून? आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी' तयार नव्हता, हे बाबासाहेबांनीच पुढे नोंदवून ठेवलं आहे. 'मूकनायक' १९२३ पर्यंत बंद पडला. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' सुरू झाला. पगारी माणूस ठेवायची सोय नव्हती, रकानेच्या रकाने स्वतः बाबासाहेबांनी लिहिले. १९२९ मध्ये तोही थांबला. लेखणी कमी पडली असं कोण म्हणेल? ज्यांच्यासाठी ते पत्र होतं त्यांच्या खिशात वर्गणीला पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना ते नको होतं. बातमीची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते, ते बहुतेक वेळा तिची किंमत देऊ शकत नाहीत. बाजारात ही गोष्ट कधीच सुटत नाही.

त्याच काळात नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटील 'दीनमित्र' चालवत होते. १९१० मध्ये सुरू झालेलं हे सत्यशोधक साप्ताहिक १९६७ पर्यंत चाललं. शहर नाही, मोठा भांडवलदार नाही, आणि तरी अर्धशतकाहून जास्त. हे पत्र आपलं आहे असं मानणारी माणसं गावोगाव असल्याशिवाय हे होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की तुझे पैसे वाचकांकडूनच आले पाहिजेत, पण बातमीच्या दाराला कुलूप लावून नव्हे. पैसे भरणाऱ्यालाच बातमी दिसेल अशी सोय फ्रान्समध्ये 'मीदियापार'ने केली. २००८ मध्ये सुरू झाल्यापासून एकही जाहिरात नाही, फक्त वर्गणी, आणि लोक म्हणत होते की इंटरनेटवर बातमीला पैसे कोण देणार. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी अर्थसंकल्प मंत्री जेरोम काउझाक यांचं लपवलेलं परदेशी खातं उघडं केलं, आणि करबुडव्यांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या त्या मंत्र्याला मार्च २०१३ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर वर्गणीदार वाढतच गेले. पण त्यांच्यामागे अख्खा फ्रेंच वाचकवर्ग आहे. तुझा तालुका दोन-अडीच लाखांचा, त्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर सहा महिने कर्नाटकात आणि पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या फडावर असतात. फडावरच्या बाईला तिच्याच गावच्या दवाखान्याची बातमी पैसे भरल्याशिवाय दिसणार नसेल, तर ती बातमी कुणासाठी? बातमी सगळ्यांना उघडी ठेव. ज्यांना परवडतं त्यांनी सगळ्यांच्या वतीने द्यावं. आपल्या देशात 'न्यूजलाँड्री' २०१२ पासून वाचकांच्या पैशांवर भर देऊन काम करते, एखाद्या मोठ्या शोधासाठी वाचकांकडून वेगळा निधी उभारते. चित्रकूटकडच्या 'खबर लहरिया'च्या बायकांनी २००२ पासून गावातलीच बातमीदारी करून दाखवली आहे. कधीतरी जाऊन त्यांना भेट.

आता हिशेब. दोघी पूर्णवेळ बातमीदार, प्रत्येकी २५,००० म्हणजे ५०,०००. संपादन आणि पैशांचं बघणारीला २०,०००. पेट्रोल आणि एसटी १०,०००. फोन, नेट, झेरॉक्स, अर्ज-अपिलं ५,०००. उरलेले १५,००० वकिलासाठी आणि अडीनडीसाठी बाजूला, त्यांना हात लावायचा नाही. झाले महिन्याचे एक लाख. म्हणजे महिन्याला शंभर रुपये देणारी हजार माणसं. शिक्षक, ग्रामसेवक, दुकानदार, डॉक्टर, बागायतदार, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली पोरं यांतून हजार माणसं निघतात. एकदम नाही निघणार. सुरुवातीला तीनशे धर आणि तेवढ्यात एकच बातमीदार ठेव. यूपीआयवर ऑटोपे आहे, ते लावून घे. दर महिन्याला आठवण करावी लागली तर चांगला माणूसही गळतो. छापील पेपरला जीएसटी नाही, डिजिटल वर्गणीला १८ टक्के आहे. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे, पण तुझी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे तोवर तुला नोंदणीच लागणार नाही.

अमेरिकेतल्या आपल्या माणसांनी मदत देऊ केली तर जपून. बातम्यांचं काम करणाऱ्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायला एफसीआरए कायद्याने बंदी आहे, आणि तिकडचं नागरिकत्व घेतलेला सख्खा चुलतभाऊ असला तरी त्याची देणगी परदेशीच धरली जाते. सरळ वर्गणी आणि देणगी यांत कायदा फरक करतो. पहिली पावती फाडायच्या आधी वकिलाला विचार.

दानशूर संस्थांचं अनुदान मिळालं तर सुरुवातीला घे, मी नको म्हणणार नाही. पण त्यातून पगार देऊ नकोस. एखादा मोठा शोध, एखादं प्रशिक्षण, कॅमेरा, यासाठी ते बरं. संस्थेचं धोरण बदललं की अनुदान थांबतं, आणि त्यावर घर चालवणारी मुलगी रस्त्यावर येते. सरकारी यादीवर येऊन शासकीय जाहिराती आणि जाहीर नोटिसा मिळवण्याचा मार्ग तुला बरेच जण सुचवतील. त्या नोटिसांवरच तगलेली, वाचकच नसलेली साप्ताहिकं तू पाहिली आहेस. दुकानांच्या, रोपवाटिकांच्या जाहिराती जरूर घे. वाढदिवसाची एकही नको. कोणत्याही एका जाहिरातदाराचा वाटा वर्षाच्या उत्पन्नाच्या विसाव्या हिश्शाहून जास्त होऊ देऊ नकोस, आणि कोण किती देतं ते दर गुढीपाडव्याला छाप.

आपण सहकाराच्या प्रदेशातली माणसं. साखर सहकारी, दूध सहकारी, मग पेपर का नाही, असं तू विचारशील. बर्लिनमधलं 'टात्स' हे दैनिक १९९२ पासून वाचकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचं आहे. मला ही कल्पना फार आवडते. पण आपल्याकडे एखादी संस्था जरा उभी राहिली, की तिचे सभासद कसे वाढवले जातात आणि निवडणूक कशी होते, हे तुला मी सांगायला नको. सुरुवातीची काही वर्षं नकोच.

आणखी एक. सगळं व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर उभं करू नकोस. कॅनडाने २०२३ मध्ये कायदा केला, की बातम्यांचा फायदा घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी बातमी करणाऱ्यांना मोबदला द्यावा. मेटाने त्या ऑगस्टपासून कॅनडात बातम्याच दाखवायचं बंद केलं. नेमक्या त्याच महिन्यात यलोनाइफमध्ये वणव्यामुळे लोकांना शहर सोडावं लागत होतं, आणि फेसबुकवर बातमीची लिंक टाकता येत नव्हती. तुझ्या वाचकांचे नंबर आणि पत्ते तुझ्या स्वतःच्या वहीत हवेत.

दादाविषयी लिहून थांबते. त्याने दोन वर्षांपूर्वी पेपर बंद केला. म्हणाला, मोबाइलवर सगळं येतं. त्याची निवृत्तीची रक्कम ज्या मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकली, तिचा वार्षिक अहवाल दर वर्षी घरी येत होता, गुळगुळीत कागदावर, पाठीमागे रंगीत फोटो. ताळेबंद त्यातच होता. ठेवी किती, कर्जं किती, आणि ती कर्जं कुणाच्या नावावर, हे त्या आकड्यांत शोधणाऱ्याला दिसलं असतं. माहिती घरातच होती. ती वाचून, चार ठिकाणी विचारून, 'इथे काहीतरी गडबड आहे' असं छापणारं माणूस तालुक्यात नव्हतं. त्याच संस्थेच्या पानभर जाहिराती मात्र दर दिवाळीला यायच्या. दादाला मी हे सगळं समोर बसवून सांगितलं आहे. तो पहिल्यांदा चिडला, मग गप्प बसला. आता विचारतोय, शंभर रुपयांत त्या संस्थेच्या कर्जदारांची यादी मिळेल का. मी म्हटलं, यादी मिळवण्यासाठी वर्षभर हेलपाटे घालायची जिची तयारी आहे, तिचा पगार मिळेल.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या यादीत आमची दोघांची नावं घाल. नात्यातले म्हणून सूट देऊ नकोस, आणि पावती द्यायला विसरू नकोस. पहिलं काम म्हणून तालुक्यातल्या पतसंस्थांचे ताळेबंद हाती घे. माझ्याकडे जुने अहवाल एका पिशवीत आहेत, आलीस की ने.

तुझी,
आत्या